संक्रांतीच्या आठवड्यातली सोनोग्राफी

"शेवटची पाळी कधी आली होती?"

तीस वर्षं हा प्रश्न विचारला. देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या उपकेंद्रांवर आरोग्य सेविका होते, त्यामुळे उत्तरंही पाठ आहेत. तारीख सांगणाऱ्या थोड्या. बाकीच्यांचं कॅलेंडर वेगळं. "नारळी पुनवेच्या दोन दिसांनी." "मांगर शाकारूक घेतलेलो, तेवा." "चवथीच्या आदी, पण कितके दिस ता काय सांगूक येवचा नाय." मग मी भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं मागे उलटायचे, पुनव शोधायचे, त्यात दोन दिवस मिळवायचे, मग सात दिवस पुढे आणि तीन महिने मागे. रजिस्टरात बाळंतपणाची तारीख लिहून मोकळी.

नारळी पुनवेचा हिशेब तर मला झोपेतही यायचा. पाळी पुनवेच्या सुमाराला, त्यानंतर अडीच-तीन आठवड्यांनी चतुर्थी, चतुर्थीला चाकरमानी घरी. विसर्जन करून तो मुंबईला जातो आणि दिवाळीच्या आधी आशाताई सांगत येते की अमक्याच्या सुनेला दिवस गेलेत. तारीख पडते मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पाऊस आणि कळा बऱ्याचदा एकाच वेळी. माझं जूनचं पान कधी रिकामं गेलेलं आठवत नाही.

हा हिशेब बाईची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते असं धरून केलेला. जिची पस्तीस दिवसांनी येते, जिचं आधीचं मूल अंगावर पीत असताना पाळी आलीच नाही, जिने गोळ्या नुकत्याच बंद केल्यात, तिच्या बाबतीत तो आठवड्याने, दोन आठवड्यांनी चुकतो. आणि ही एक तारीख चुकली की पुढचं सगळंच चुकत जातं. गर्भारपणातल्या सोनोग्राफीबद्दल मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं. लोकांना वाटतं सोनोग्राफी म्हणजे बाळ दिसणं. माझ्या लेखी तिचं पहिलं काम तारीख पक्की करणं हे आहे, आणि ते काम ती फक्त सुरुवातीलाच नीट करते.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली तर वय पाच-सात दिवसांच्या फरकाने कळतं. त्या वयात सगळी बाळं सारख्याच वेगाने वाढतात, आंबेडकरनगरातली असोत की आंबेवाल्याच्या वाड्यातली. पुढे प्रत्येकाचा वेग वेगळा होत जातो. आठव्या-नवव्या महिन्यात मोजमापावरून वय काढायला गेलं तर तीन आठवडे इकडे किंवा तिकडे. म्हणजे नवव्या महिन्यातली सोनोग्राफी बाळ केवढं आहे ते सांगते, किती दिवसांचं आहे ते सांगू शकत नाही. पण रिपोर्टवर मात्र दरवेळी एक नवी तारीख छापून येते, आणि घरातली माणसं ताज्या कागदावर विश्वास ठेवतात.

एक फाइल मी विसरणार नाही. मुलगी नालासोपाऱ्याला दिलेली, सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी आली. कापडदुकानाच्या प्लास्टिक पिशवीत चार रिपोर्ट. पहिला 2 जून म्हणतो, दुसरा 11, तिसरा 19, चौथा 24. कणकवलीला खाजगीत नुकताच केलेला तो चौथा. आई म्हणाली, "सिस्टर, अजून येळ आसा. डॉक्टरान सांगल्यान बाळ लहान आसा, दिस मागे गेले." मी पोटावर टेप लावली. गेल्या खेपेपेक्षा जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढ. मुलीचे पाय सुजलेले, ब्लडप्रेशर वरच्या अंगाला.

दिवस मागे जात नसतात. चार कागदांवर तारीख पुढे पुढे सरकत होती याचा सरळ अर्थ बाळ वाढायचं थांबत आलं होतं असा होता. पण तो अर्थ लावायला पक्की पहिली तारीख हवी, आणि पिशवीतला 2 जूनवाला कागदही पाचव्या महिन्यातला होता. "त्याच्या आधी काही केलं होतं का?" विचारल्यावर मुलीला आठवलं, दिवाळीनंतर तिकडे एक केली होती, कागद खोलीवर पेटीत राहिला. नवऱ्याला फोन लावला. तो कामावर. रात्री दहाला त्याने पेटी उघडून मोबाइलवर फोटो पाठवला. अकरा आठवडे दोन दिवस, तारीख 31 मे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ओरोसला जिल्हा रुग्णालयात पाठवलं, रक्तप्रवाह बघणारी डॉपलर सोनोग्राफी झाली, वारेकडून बाळाला जाणारा रक्तपुरवठा कमी पडत होता, त्याच दिवशी सिझर. पावणेदोन किलोची मुलगी, पुढे दोन आठवडे नवजात शिशुकक्षात. आता ती अंगणवाडीत भांडणं करते.

मुंबईला पहिले महिने आणि गावात शेवटचे, अशी आमची बाळंतपणं दोन मुलखांत वाटलेली असतात. माता-बाल संरक्षण कार्डावर सोनोग्राफीची नोंद करायला जागा असते. ती भरलेली मला दहांतल्या दोन-तीन कार्डांवरच दिसायची. पहिल्या रिपोर्टची तारीख त्या कार्डावर ठळक लिहायची आणि नंतरच्या कुठल्याही रिपोर्टने ती बदलायची नाही, एवढंच करायला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही.

आता खरा वाद. सोनोग्राफी प्रत्येकीला हवी का? माझं उत्तर, हो, दोनदा. एक तिसऱ्या महिन्यात, अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान. दुसरी अठरा ते वीस आठवड्यांना, बाळात व्यंग आहे का ते बघणारी, जिला सगळे 'अनॉमली' म्हणतात. या दोन प्रत्येक बाईला, फुकट, एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशा अंतरावर. त्यापुढची प्रत्येक सोनोग्राफी डॉक्टरांनी कारण लिहून करावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली 24 आठवड्यांच्या आत निदान एक, असं सांगितलं आणि ती झाली असेल तर त्यानंतर सरसकट करण्याची शिफारस केलेली नाही. मी एक जास्त मागते कारण आमच्या बायकांच्या तारखा पुनवेवर चालतात.

गावात चित्र नेमकं उलटं आहे. ज्या दोन व्हायला हव्यात त्या निसटतात आणि सातव्या महिन्यानंतर दर पंधरवड्याला एक. बाळाभोवतीचं पाणी कमी, पाणी जास्त, नाळ गळ्याभोवती. नाळेचा एक वेढा चार-पाच बाळांत एकाच्या गळ्याभोवती असतोच आणि बहुतेक बाळं तशीच नीट जन्मतात, पण तो शब्द रिपोर्टात आला की सासू रात्रभर जागी आणि सिझरला सगळे एका पायावर तयार.

अभ्यासांचं म्हणाल तर ते माझ्या बाजूने सरळ उभे राहत नाहीत, हे सांगितलं पाहिजे. 1993 साली अमेरिकेत पंधरा हजारांवर, फारसा धोका नसलेल्या बायकांवर मोठी चाचणी झाली. अर्ध्यांची ठरवून दोनदा सोनोग्राफी, बाकीच्यांची गरज पडली तरच. बाळांच्या जगण्या-मरण्यात फरक पडला नाही. 24 आठवड्यांच्या आत सापडलेली व्यंगं सहांतली जेमतेम एक होती, मोठ्या केंद्रांत जास्त आणि साध्या दवाखान्यांत कमी. तेव्हाची यंत्रं आजच्यासारखी नव्हती हे खरं. पण 2018 साली छापून आलेली चाचणी मला जास्त बोचते. काँगो, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि ग्वाटेमाला, तिथल्या खेड्यांत नर्स-सुईणींना शिकवून दोन सोनोग्राफी दिल्या. त्यांनी अडचणीच्या बायका ओळखल्या, पुढे पाठवल्या. आया आणि बाळं मरायचं प्रमाण तरीही कमी झालं नाही.

हे वाचून माझे एक डॉक्टर ओळखीचे म्हणाले, बघा, पैसा वाया. मला त्यातून वेगळं दिसतं. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे हे यंत्राने सांगितलं, पुढे काय? रक्त कुठे आहे? सिझर करणारा हात कुठे आहे? भूल देणारा रजेवर असेल तर? देवगडच्या खाडीकाठच्या वाडीतून कणकवलीला दीड तास, ओरोस त्याहून लांब, कोल्हापूरला घाट चढून जायचं आणि पावसात घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. दोडामार्ग-सावंतवाडीची माणसं सरळ गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठतात, दुसऱ्या राज्यात. या अंतरांमुळेच मी सोनोग्राफीच्या बाजूची आहे. शहरात वार खाली आहे हे नवव्या महिन्यात रक्तस्राव झाल्यावर कळलं तरी रुग्णवाहिका दहा मिनिटांत पोचते. आमच्याकडे ते आधी कळलं तर बाईला चार आठवडे अगोदर ओरोसजवळ नातेवाइकांकडे नेऊन ठेवता येतं. मी चौघींना तसं ठेवलं आहे. एकीचं तिकडे कुणी नव्हतं, तर शाळेतल्या बाईंनी त्यांच्या बहिणीची खोली दिली. यंत्राने फक्त वेळ दिला. बाकी सगळं माणसांनी केलं.

विसाव्या आठवड्यात वार खाली दिसली म्हणून घाबरायचंही कारण नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसायचा. गर्भाशय मोठं होतं तशी ती बहुतेकींची वर सरकते. बत्तिसाव्या आठवड्याला पुन्हा बघायचं, हे त्या कारण असलेल्या सोनोग्राफीचं चांगलं उदाहरण. जुळ्यांचंही तसंच. दोन बाळं आहेत हे कधीही कळतं, पण दोघांना एकच वार आहे की वेगळी हे चौदा आठवड्यांच्या आतच नीट दिसतं, आणि पुढचा सगळा धोका त्यावर ठरतो.

जुन्या बायका सोनोग्राफीला अजून 'फोटू' म्हणतात आणि क्ष-किरणांशी तिची गल्लत करतात. भीती उगाच आलेली नाही. एकेकाळी पोटुशी बाईचे क्ष-किरण काढत असत आणि त्या मुलांना पुढे कर्करोगाचा धोका जास्त असतो हे अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये दाखवून दिलं. सोनोग्राफीत किरणं नाहीत, आवाज आहे, कानाला न ऐकू येणारा. बंदरावरच्या बायकांना समजवायला मला सोपं जायचं. ट्रॉलरवर मासे शोधायचं यंत्र असतं ना, आवाज खाली सोडतं आणि आदळून परत आला की पडद्यावर खूण दिसते? तेच. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनीही पोलादातल्या भेगा शोधायचं यंत्र घेऊनच सुरुवात केली होती, 1958 साली त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. ग्लासगो म्हणजे जहाजं बांधणारं गाव. आमच्या लोकांना ते जवळचं वाटतं.

पण पाण्याखाली पापलेट आहे की बांगडा हे ते यंत्र नेहमीच अचूक सांगत नाही, हेही बंदरावर ठाऊक असतं. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीबद्दल हे कुणी सांगत नाही. मेंदूची कवटीच तयार झाली नाही, असलं व्यंग बहुधा सुटत नाही. हृदयाची व्यंगं मात्र पुष्कळ सुटतात. बघणाऱ्याचा हात, यंत्र, बाळ कसं पडलंय, आईच्या पोटावरची चरबी, सगळ्यावर अवलंबून. एका घरात रिपोर्ट 'नॉर्मल' आला आणि बाळाच्या हृदयात भोक निघालं. बापाने तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. दुसऱ्या घरात उलटं. बाळाच्या हृदयात पांढरा ठिपका दिसला म्हणून नवरा-बायको कोल्हापूरला दोनदा जाऊन आले, बाईचं जेवण तुटलं, आणि तो ठिपका एकटाच असेल तर त्याला फारसा अर्थ नसतो हे त्यांना दुसऱ्या फेरीत सांगितलं गेलं. व्यंग नाही असा हा दाखला नव्हे, आज दिसलं नाही एवढाच आहे. हे दोन मिनिटं बसून सांगायला सोनोग्राफीवाल्याला वेळ नसतो, बाहेर चाळीस बायका.

आणि दिसलं तर? इथे आठवडा महत्त्वाचा. 2021 साली गर्भपाताचा कायदा बदलला. बाळात व्यंग असेल तर 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यापुढे गंभीर व्यंगासाठी मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. आधी ही मर्यादा 20 आठवड्यांची होती. विसाव्या आठवड्यात काही दिसलं तर बाईकडे चार आठवडे असतात, दुसरं मत घ्यायला, नवऱ्याला मुंबईहून बोलवायला, रडायला, ठरवायला. सव्विसाव्या आठवड्यात पहिल्यांदा पडद्यावर दिसलं तर तिच्या हातात फक्त बोर्डाकडे जायची चिठ्ठी. अपंग हक्कांसाठी काम करणारे लोक म्हणतात की ही तपासणीच मुळात नको असलेली माणसं शोधून काढण्यासाठी आहे. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. मी अशा बायका पाहिल्यात ज्यांनी सगळं कळूनही बाळ ठेवलं, आणि आधी कळल्यामुळे बाळंतपण मोठ्या रुग्णालयात केलं, जन्मल्या दिवशीच शस्त्रक्रिया झाली. ठरवायचं तिने. पण ठरवण्याआधी तिला कळलं तर पाहिजे, आणि वेळेत.

सोनोग्राफी सेंटरच्या दारावरची पाटी आपल्याला पाठ आहे, इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. हा कायदा आकाशातून पडलेला नाही. महाराष्ट्राने 1988 साली देशात पहिल्यांदा असा कायदा केला, 1994 साली केंद्राचा आला, तरीही 2011 च्या जनगणनेत राज्यात 0 ते 6 वयाच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली उरल्या, बीडला 807. आमच्याकडची माणसं इथे छाती फुगवतात, रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका! ते पुरुष मुंबईला आहेत हो. लहान मुलांचा आकडा बघितला तर कोकणातही मुली हजाराच्या बऱ्याच खाली आहेत.

म्हणून, नर्सला छोटं यंत्र द्या, उपकेंद्रात तारीख काढू द्या, असं कुणी म्हणालं की माझा हात आखडतो. मी स्वतः नर्स. शिकवलं तर बाळाची लांबी मोजणं मला अवघड गेलं नसतं, इतर देशांत सुईणी करतात. पण पिशवीत मावणारं यंत्र रात्री कोणाच्या घरी जाईल याची खात्री मी देऊ शकत नाही. डॉक्टर मंडळी तक्रार करतात की फॉर्म 'एफ', म्हणजे गर्भारपणातल्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद, त्यातली एखादी चूक म्हणजे गुन्हा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली ते मानलं नाही, नोंदी न ठेवणं ही कारकुनी चूक म्हणून सोडता येणार नाही असं सांगितलं, आणि मला ते पटतं. त्या कागदाशिवाय दुसरा पुरावा असतो कुठे?

वाट कायद्यातच आहे. साध्या एमबीबीएस डॉक्टरला सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन सोनोग्राफी करता येते, 2014 चे नियम तसे आहेत. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका ग्रामीण रुग्णालयात यंत्र होतं, छान कापडाने झाकलेलं, त्यावर हार घातलेला दसऱ्याचा. चालवणारं कोणी नव्हतं. बायका त्याच रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन समोरच्या खाजगी सेंटरमध्ये जायच्या, अनॉमलीचे दोन-अडीच हजार भरायच्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून या तपासण्या फुकट आहेत, हे मीच त्यांना बैठकीत वाचून दाखवलेलं. वाचताना मान वर करायची लाज वाटायची.

तालुक्याला एक प्रशिक्षित वैद्यकीय अधिकारी, आठवड्याचा एक ठरलेला वार, आणि त्या वारी तो दुसऱ्या ड्युटीवर जाणार नाही अशी हमी. एवढ्याने निम्मं काम होईल.

हे म्हणताना एक भीती वाटते. यंत्र आलं की बाकीचं मागे पडतं. बाई सोनोग्राफीला नटून जाते आणि लोहाच्या गोळ्या फडताळात तशाच. राज्यातल्या गरोदर बायकांत जवळपास निम्म्यांच्या अंगात रक्त कमी, ते शोधायला बोटाचा एक थेंब पुरतो. मणक्याच्या व्यंगाचं तर आणखी वाईट वाटतं. विसाव्या आठवड्यात जे सोनोग्राफीत दिसतं ते घडून गेलेलं असतं दिवस गेल्यावर पहिल्या चार आठवड्यांत, बाईला पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत. त्यातलं बरंचसं फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीने टळतं, ती दिवस जाण्याच्या आधी सुरू केली तर. चाकरमान्याच्या बायकोला सांगायची वेळ म्हणजे आषाढ-श्रावण, गणपतीच्या आधी दोन महिने. आशाताई माझ्यावर हसायच्या, सिस्टर गोळ्या वाटतायत, गणपती जवळ आले.

आणि म्हाताऱ्या? "आमच्या टायमाक खय होता ह्या सगळा? सात बाळंतपणा घराकडेच झाली." मी विचारायचे, सातांतली किती जगली? बऱ्याच जणी बोटं मोजायच्या आणि गप्प बसायच्या. एका काकींनी मात्र न विचारता सांगितलं, दोन गेली, एक आडवा होता, दोन दिवस अडलेलं. मग सुनेकडे वळून, "जा गो, फोटू काढून ये."

निवृत्त झाले तरी आशाताई फोन करते. परवा म्हणाली, यंदा नारळी पुनवेच्या आसपासच्या तिघी आहेत. दोघींची पहिली सोनोग्राफी दिवाळीनंतर झाली, तिसरी भावाच्या लग्नात अडकली, तिची राहिली. विसावा आठवडा तिघींचा संक्रांतीलाच येतो. त्याच्या जवळची 9 तारीख आहे, सरकारी मातृत्व तपासणीचा दिवस, तेव्हाच तिघींना रिक्षाने घेऊन जाते. एकीची सासू म्हणते हळदीकुंकवाची तयारी कोण करणार, तिला समजावलंय. "तुमच्या ओळखीन जरा विचारून बघा," ती म्हणाली, "त्या दिवशी सोनोग्राफीवाले डॉक्टर येतले मा?"

मी दोन ठिकाणी फोन केलेत. उद्या सांगतो म्हणालेत.